हुकूमशहा हटला, मग त्याचाच मित्र निवडून कसा आला?

'1987: व्हेन द डे कम्स' हा दक्षिण कोरियाचा चित्रपट आम्ही आमच्या अभ्यासवर्गात दाखवला. जांग जून-ह्वान यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2017 चा आहे. काळ आहे लष्करी हुकूमशहा चुन दू-ह्वान याचा. 14 जानेवारी 1987 रोजी पार्क जोंग-चोल हा विद्यार्थी पोलिसांच्या छळात मरतो. पोलीस सांगतात, अधिकाऱ्याने टेबलावर हात आपटला आणि पोरगा दचकून मेला!

हे खोटं उघडं कोण पाडतं? शवविच्छेदनाशिवाय अंत्यसंस्कार होऊ न देणारा सरकारी वकील, खोलीत पाणी होतं हे सांगणारा डॉक्टर, बातमीमागे धावणारे पत्रकार आणि तुरुंगातून चिठ्ठ्या बाहेर नेणारा पहारेकरी. यांच्यात नेता कोणीच नाही. ज्याच्या हातात जे काम होतं, ते त्याने इमानाने केलं. नोकरीत असलेल्या आमच्या बांधवांनी हे नीट पाहावं. 'आम्ही सरकारी माणसं, आम्ही काय करणार?' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

9 जूनला ली हान-योल या विद्यार्थ्याला अश्रुधुराचं नळकांडं लागतं. पुढे 5 जुलैला तो मरण पावतो. दरम्यान रस्ते माणसांनी भरतात आणि 29 जूनला सत्ताधाऱ्यांना थेट राष्ट्राध्यक्ष निवडणुकीची मागणी मान्य करावी लागते. चित्रपट त्या गर्दीपाशी थांबतो. आमच्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या.

पण आमची चर्चा टाळ्यांनंतर सुरू झाली. 16 डिसेंबर 1987 ला मतदान झालं आणि निवडून आला रोह ते-वू! चुनचा लष्करातला जुना सोबती, त्यानेच पुढे केलेला वारस. त्याला मतं पडली सुमारे 37 टक्के. लोकशाहीवादी किम यंग-साम यांना 28 आणि किम दे-जुंग यांना 27 टक्के. दोघांची बेरीज 55, पण दोघेही माघार घेईनात. कार्यकर्तेही कोणामागे जायचं यावरून वाटले गेले. पुढे 1990 मध्ये किम यंग-साम यांनी आपला पक्ष रोहच्याच सत्ताधारी पक्षात विलीन केला.

हे वाचताना आम्हाला आमचं घर आठवल्याशिवाय कसं राहील? 1957 साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले आणि त्यातले किती सत्तेच्या वळचणीला गेले, हे तरुणांना सांगायची गरज नाही. प्रत्येक गटाकडे आपला नेता आहे, झेंडा आहे आणि दुसऱ्या गटाविरुद्धचा इतिहासही आहे.

राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असं बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावलं होतं. आपण तो इशारा फक्त सत्ताधाऱ्यांना ऐकवतो. तो आपल्या नेत्यांनाही लागू आहे आणि त्यांच्यामागे डोळे मिटून चालणाऱ्या कार्यकर्त्यांनाही.

काहीजण म्हणतील, मतभेद म्हणजेच लोकशाही. मान्य. विचारांचे मतभेद जरूर असावेत. पण त्या दोघांमधला वाद उमेदवार कोण, हाच होता ना? त्याची किंमत मात्र जोंग-चोल आणि हान-योल यांच्या पिढीने मोजली.

म्हणून तरुणांनो, हा चित्रपट जरूर पाहा आणि त्यानंतरचा डिसेंबरही वाचा. पुढच्या निवडणुकीत आपल्या नेत्याला एकच प्रश्न जाहीरपणे विचारा : समाजाच्या हितासाठी तुम्ही अर्ज मागे घ्याल का?

जय भीम!