मुकादम कोण होता?

पुण्यात ‘औंध’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ब्रेमेन चौक येतो, परिहार चौक येतो आणि लगेच फ्लॅटचे भाव येतात. मी औंधजवळची आहे असं ऑफिसात सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, ‘मग बाणेरवरून येतेस की काय?’ नाही हो! माझं औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. साताऱ्याहून चाळीसेक किलोमीटर. डोंगरावर यमाई, पायथ्याला गाव आणि चहूकडे उन्हाळ्यात डोळे दिपवणारा माळ. मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. पण मला माझ्या आयुष्यातलं पहिलं ‘टीमवर्क’ शिकवलं ते याच औंधच्या आसपासच्या एका ओढ्यानं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे ऑफिसातला एक मेल. ‘व्हॉलंटियरिंग डे’! टी-शर्ट फुकट, एसी बस, पॅक्ड लंच, प्रत्येकी दोन झाडं लावायची आणि चारला परत. २०१३चा कंपनी कायदा आला, १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं भाग पडलं आणि तेव्हापासून असे मेल काही नवलाचे राहिले नाहीत. नवल वाटलं ते माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या मुलीच्या प्रश्नाचं. ती अमेरिकेत शिकून आलेली. तिथे कॉलेजात ती ‘अल्फा फाय ओमेगा’त होती. म्हणजे सेवाकार्य करणारी विद्यार्थ्यांची संघटना. १९२५ साली पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेत कॉलेजात सुरू झालेली. तिथे गेल्या गेल्या कुणी मेंबर होत नाही म्हणे. आधी ‘प्लेज’ व्हायचं, म्हणजे उमेदवारी करायची. संघटनेचा इतिहास शिकायचा, ठरलेले तास काम करायचं, जुन्या मेंबरांशी ओळखी करून घ्यायच्या आणि मग समारंभानं आत जायचं.

‘तुमच्याकडे असं काही असतं का गं?’ तिनं विचारलं.

असतं की! आमच्याकडे एनएसएस असतं. राष्ट्रीय सेवा योजना. फक्त आमच्याकडे समारंभ नसतो, फॉर्म असतो.

ज्युनिअर कॉलेज संपवून बी.कॉम.ला आले तेव्हा नोटीस बोर्डवर कागद लागला होता. नाव, वर्ग, रक्तगट, दोन फोटो. सरांनी फॉर्म बघितला, ‘येशील ना शिबिराला? मुली नावं देतात आणि ऐन वेळी घरचे सोडत नाहीत,’ एवढंच म्हणाले. झालं, मी स्वयंसेविका! पुढे माहिती मिळाली ती अशी की दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर करायचं. बाकी कॉलेजभर एकच गोष्ट सगळ्यांना पाठ होती. एनएसएस केलं की दहा मार्क मिळतात. खोटं कशाला बोलू, माझीही नजर त्या दहा मार्कांवरच होती. अकाउंट्सचा पेपर काही कुणाचा मामा नसतो.

बाकीची गोष्ट नंतर कळली. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ही योजना सुरू केली. ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी, अशी सुरुवात. छातीवर लावायच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक असतं. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. चोवीस तास तयार! हॉस्टेलच्या मुलींना हे सांगितल्यावर जो हशा पिकला त्याला तोड नाही, कारण आमच्यातल्या निम्म्या जणी आठच्या लेक्चरलाही तयार नसायच्या.

खरी परीक्षा झाली ती घरी. डिसेंबर २०१३. शिबिर औंधपासून जवळच्या एका वाडीत होतं. बाबांनी ऐकताच मान हलवली. ‘सात रात्री? परक्या गावात? आणि करणार काय, तर टिकाव मारणार? त्यासाठी फी भरतोय का आम्ही?’

आज्जी भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. तिनं विचारलं, ‘मजुरी किती देत्यात?’

‘मजुरी नसते गं आज्जी. श्रमदान असतं.’

‘म्हंजी फुकट?’ तिनं हातातली शेंग सुपात टाकली. ‘आम्ही पोटासाठी खडी फोडली. तू मार्कासाठी फोडनार व्हय?’

याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. १९७२च्या दुष्काळात आज्जी रस्त्याच्या कामावर होती. बाबा तेव्हा दोन वर्षांचे, झाडाला बांधलेल्या झोळीत. ती खडी फोडायची, मुकादम ढिगाचं माप घ्यायचा, माप भरलं नाही की मजुरी कापायचा. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली मिलो. त्या दुष्काळातूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांनी तिचा पहिला प्रयोग आधीच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला करून पाहिला होता आणि १९७७ साली तिचा कायदाही झाला. पुस्तकात हा अभिमानाचा इतिहास आहे. आमच्या घरात तो आज्जीच्या वाकड्या झालेल्या करंगळीत आहे. तिच्यासाठी टिकाव म्हणजे ‘संस्कार’ वगैरे काही नव्हतं. टिकाव म्हणजे ज्याच्यातून पोरांना बाहेर काढायचं ते.

पण शेवटी परवानगी मिळाली तीही तिच्याचमुळे. बाबा ‘पोरीची जात’ म्हणायला लागले तशी ती म्हणाली, ‘मी खडी फोडाय गेले तवा कुनी न्हाई म्हनलं मला पोरीची जात. जाऊ दे तिला.’

वाडीत मुली जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि मुलं देवळात. पहाटे साडेपाचला शिट्टी. थंडी अशी की दात वाजायचे. प्रभातफेरी, प्रार्थना, चहा आणि सातला ओढ्यावर. तिथे वनराई बंधारा घालायचा होता. म्हणजे सिमेंटची रिकामी पोती माती-वाळूनं भरायची, दाभण-सुतळीनं तोंडं शिवायची आणि ओढ्यात एकावर एक रचायची. ओढ्यात जे थोडं पाणी वाहतंय ते अडवायचं, म्हणजे रब्बीला एखादं पाणी मिळतं, जवळपासच्या विहिरी जरा तग धरतात. गंमत म्हणजे हा बंधारा एकाच हंगामाचा. पुढच्या पावसाळ्यात पहिल्या पुराबरोबर तो जाणार हे बांधतानाच माहीत असतं.

पहिल्या दिवशी दहा वाजेपर्यंत हाताला फोड. दुसऱ्या दिवशी फोड फुटले. तिसऱ्या दिवशी मात्र काहीतरी झालं. आम्ही पन्नास जण एका ओळीत उभे राहिलो आणि पोतं या हातातून त्या हातात असं जायला लागलं. वर्गात कधीही न बोलणारा मागच्या बाकावरचा मुलगा तालात आरोळी द्यायला लागला. इंग्लिश मीडियमची मुलगी आणि ऊसतोड कामगाराचा मुलगा शेजारी शेजारी. कुणीही लीडर नव्हतं. सर स्वतः ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभे राहून पोती लावत होते. कुणी थकलं की बाजूला बसायचं, कुणीतरी न सांगता त्याच्या जागी यायचं. आज आमच्या कंपनीत याच गोष्टीसाठी लोणावळ्याला नेतात आणि फुगे फोडायला लावतात.

चौथ्या दिवशी बंधारा उभा राहिला आणि खालून गळायला लागला. काठावर रोज बिडी ओढत बसणारे एक आबा होते. ते उठले, धोतर खोचलं आणि पाण्यात उतरले. ‘भिताडात विटा कशा लावत्यात? सांध्यावर सांधा येतो का? मग हितं कसा येऊ दिला?’ त्यांनी दोन थर काढायला लावले, सांधे मोडून पोती परत रचायला लावली, मधल्या फटीत चिकण माती तुडवून घेतली. संध्याकाळी पाणी घोट्याचं पिंढरीला आलं. वर येऊन आबांनी एकच प्रश्न विचारला, ‘तुमी परवा जानार. फुडल्या साली कोन घालनार ह्यो?’

त्या रात्री बौद्धिकाला आमच्या गटात वेगळंच काही तरी घडलं. एरवी हे सत्र म्हणजे अर्धे पेंगणारे आणि अर्धे चोरून मोबाइल बघणारे. त्या दिवशी सरांनी औंध संस्थानाची गोष्ट सांगितली आणि कुणी पेंगलं नाही, कारण आबांचा प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात होता.

भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे औंधचे राजे. आम्हाला ते माहीत होते सूर्यनमस्कारांमुळे आणि डोंगरावरच्या भवानी संग्रहालयामुळे. तिथे रविवर्म्याची चित्रं आहेत आणि चक्क हेन्री मूरचं शिल्पही आहे. पण सर बोलले ते दुसऱ्याच गोष्टीवर. १९३८ साली या राजानं जाहीर केलं की सत्ता मी प्रजेला देतो. पोलंडहून आलेला मॉरिस फ्रीडमन नावाचा इंजिनिअर आणि राजपुत्र आप्पासाहेब पंत यांनी त्यासाठी खटपट केली, गांधीजींनी सल्ला दिला आणि १९३९च्या जानेवारीत औंधची राज्यघटना आली. सातारा, सांगली आणि विजापूरकडे विखुरलेली ७२ गावं, त्यांचा कारभार त्यांनी निवडलेल्या पंचायतींकडे. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. कैद्यांची वसाहत, पण भिंत नाही. शेती करायची, बायकामुलांसह राहायचं, पळून जायला रान मोकळं. औंधच्या शाळेत शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी पुढे यावरूनच कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला.

१९४८ साली संस्थान विलीन झालं आणि तो सगळा प्रयोग तिथेच थांबला.

‘म्हणजे सर, नऊच वर्षं?’ कुणीतरी विचारलं.

‘नऊच वर्षं,’ सर म्हणाले. ‘तुमचा बंधारा तर सहाच महिने.’ आणि पुढे काहीच बोलले नाहीत. त्यांची ती सवयच होती, प्रश्न टाकायचा आणि वही मिटायची.

आठव्या दिवशी घरी आले. आज्जीनं आधी माझे हात उलटेपालटे करून बघितले. तेल-हळद लावता लावता म्हणाली, ‘टिकाव असा घट्ट धरत न्हाईत. खाली येताना ढिला सोडायचा, आपल्या वजनानं पडतो त्यो.’ मग तिची चौकशी सुरू झाली.

‘मुकादम कोन हुता?’

‘मुकादम नव्हता.’

‘मग हजेरी कुनी मांडली?’

‘सकाळी सर मोजायचे. कामाचं माप नाही घेतलं कुणी.’

‘कमी काम केलं तर?’

‘काही नाही.’

ती बराच वेळ गप्प बसली. मला वाटलं, आता म्हणेल, श्रीमंतांचे खेळ आहेत हे. ते तिनं म्हटलं असतं तरी चुकीचं नव्हतं. आमच्यातल्या कुणाचीही चूल त्या कामावर पेटणार नव्हती. कंटाळा आला तर कुणीही दुपारच्या एसटीनं घरी जाऊ शकत होतं. तिला ती सोय नव्हती. पण ती म्हणाली, ‘मुकादम नसून काम झालं म्हंजी नवलच म्हनायचं.’ आणि थोड्या वेळानं, जणू स्वतःशीच, ‘आमाला बी कुनी तसं करू दिलं असतं तर आमी बी केलं असतं. रस्ता आमच्याच गावचा हुता की.’

मला शिबिरातून काय मिळालं असं मुलाखतीत कुणी विचारलं की मी ‘लीडरशिप’, ‘टीम स्पिरिट’ वगैरे सांगून मोकळी होते. खरं उत्तर हे आहे. आज्जी आणि मी, दोघींनी तोच टिकाव मारला, तशाच उन्हात, त्याच तालुक्यात. फरक फक्त एवढाच की मला ‘नाही’ म्हणता येत होतं. श्रमदानातला ‘दान’ हा शब्द तिथून सुरू होतो, घामापासून नाही. आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येतं त्यानं ‘हो’ म्हटलं, तर मग ते शेवटपर्यंत निभवायला मुकादम लागता कामा नये. भवानरावांनी गावांवर आणि स्वतंत्रपुरात कैद्यांवरही टाकलेला विश्वास याच जातीचा होता, असं मला वाटतं.

बंधारा अर्थातच पुढच्या पावसात वाहून गेला. पण त्या साली दिवाळीनंतर वाडीतल्या पोरांनी त्याच जागी पुन्हा घातला, सांधे मोडून, आबांच्या देखरेखीखाली. आमची नवीन तुकडी मदतीला गेली ती तिसऱ्या दिवशी. म्हणजे यंदा पाहुणे आम्ही होतो! पुढे २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमुळे साताऱ्यात गावंच्या गावं श्रमदानाला उतरली, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिल्याच वर्षी राज्यात पहिलं आलं, तेव्हा टीव्हीवर ती गर्दी बघताना मला त्या ओढ्यातली पोत्यांची रांग दिसत होती.

आणि हो, ते दहा मार्क. मला त्यांची गरजच पडली नाही. अकाउंट्सला ६१ होते.

राहता राहिला ऑफिसचा मेल. मी ‘येस’वर क्लिक केलंय. फक्त सोबत एच.आर.ला एक ओळ पाठवली, ‘झाडं जूनमध्ये लावू, पण एप्रिलमध्ये त्यांना पाणी कोण घालणार?’ उत्तर आलं, ‘गुड पॉइंट’ आणि एक स्मायली. मग शेजारच्या डेस्कवरच्या त्या माजी प्लेजनं आणि मी मिळून एक कागद फिरवला. मार्च ते मे, दर रविवारी सकाळी, आळीपाळीनं. आत्तापर्यंत सहा नावं आलीत. हजेरी नाही, फोटो नाही. टी-शर्टही मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवलंय.