रामनगर : घाटाआधी गाडीचा आवाज ऐकायची जागा

बेळगावहून गोव्याला निघालं की खानापूर, लोंढा मागे पडल्यावर रामनगर येतं. तालुका जोयडा, जिल्हा उत्तर कन्नड. पाट्या कन्नड, बोलणं कोकणी-मराठी. काळी नदीवर सुपा धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तिथल्या अनेक विस्थापित कुटुंबांना इथे वसवलं गेलं. इथून एक रस्ता जगलबेटमार्गे दांडेलीकडे जातो, दुसरा अनमोड घाट उतरून मोलेला. चहा, पंक्चर, जे काय करायचं ते घाटाआधी इथेच.

गेल्या हिवाळ्यात मी आणि बाबा त्यांच्या १९८८ च्या हिरो होंडा सीडी १०० वर इथवर आलो. ही गाडी भारतात आली १९८५ मध्ये. २०२१ च्या सरकारी नियमाप्रमाणे ‘विंटेज’ म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, म्हणजे आमची अजून तरुणच! महिन्याभरापूर्वी एका गॅरेजमध्ये तिला बाजारात मिळणारी टायमिंग चेन आणि गिअर बसवले होते. तेव्हापासून इंजिन खडखडायचं. शहरातल्या गोंगाटात ते फारसं जाणवत नव्हतं. लोंढ्यानंतरच्या जंगलात दुसरं काही ऐकूच येईना.

रामनगरच्या मिस्त्रींनी गाडी चालू ठेवायला सांगितली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलिंडरच्या डाव्या बाजूला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. थोडी रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. मग म्हणाले, “चेन नवी, रोलर जुने. मग ओरडणारच की ओ, काका!”

फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणून वरच्या गिअरला खालच्याच्या दुप्पट दात. दोघांना जोडणारी चेन ताणून धरतात स्प्रिंगचा दांडा आणि रबरी रोलर. रबर कडक झालं, झिजलं की नवी चेनही फडफडते. आमच्या धंद्यात एकच लायब्ररी अपडेट करून बाकीच्या जुन्या ठेवल्या की जे होतं, तेच हे.

घरी जुनी गाडी असेल तर आधी तिच्यात टायमिंग चेन आहे का ते बघा. जुन्या जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० या टू स्ट्रोक गाड्यांत कॅमने उघडणारे व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे ही चेनही नाही. जुन्या बुलेटमध्ये व्हॉल्व्ह आहेत, पण कॅम फिरतो दात्यात दाता अडकवून. तिथे गिअर फार घट्ट बसले की शिट्टीसारखा आवाज येतो, सैल असले की खडखड.

चेनवाल्या गाडीत थंड इंजिन सुरू करताना क्षणभर खडखडलं आणि थांबलं, तर काळजी नको. आयडलला वाजतं आणि रेस दिल्यावर कमी होतं, तर चेनचा ताण तपासा. रेसबरोबर चढत जाणारी बारीक गुणगुण बऱ्याचदा नव्या गिअरच्या दात्यांची असते. पण धातूवर धातू घासल्यासारखं ऐकू आलं, तर गाडी तिथेच बंद करा. चेन दाते सोडून सरकली तर व्हॉल्व्हची वेळ चुकते, आणि इंजिन तिथेच बंद पडू शकतं.

मिस्त्रींना भीती होती ती याचीच. सीडी १०० ला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक. मागे माणूस बसवून घाट उतरताना निम्मा भार इंजिन तोलतं. तेच वळणावर बंद पडलं तर? बाबांना मात्र याच गाडीवरून मोलेला उतरायचं होतं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीच हँडलला लावलेली पिशवी सोडवली.

गाडी मिस्त्रींकडे ठेवून आम्ही पणजीची बस धरली. तिसऱ्या दिवशी परत आलो तोवर बेळगावहून रोलर येऊन बसलेही होते. खडखड गेली होती. बारीक गुणगुण मात्र होती. बाबांनी विचारलं तर मिस्त्री म्हणाले, “ती राहणार. गिअर बाहेरचा आहे ना. तिनं काही बिघडत नाही.”

गाडी बेळगावला नीट आली. घाट राहिलाय, तो येत्या हिवाळ्यात. तुमच्याही गावच्या घरी अशी एखादी गाडी चादरीखाली असेल, तर चेन बदलताना पाकिटात रोलर आणि दांडा आहेत का ते विचारा. आणि लांब निघण्याआधी ती एकदा निवांत जागी उभी करून ऐका.