बदकांची रात्र

भंडारा-गोंदिया भागातून आपल्या शाळेत येणाऱ्या मुलांना तलाव म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले हे तलाव 1951 साली मालगुजारी संपल्यावर 'माजी मालगुजारी' झाले आणि लोकांच्या तोंडी नुसते 'मामा तलाव' उरले. तलाव असला की धान येते, आणि धानाच्या बांधीत सांडलेला दाणा, गोगलगाई, किडे असले की चार-सहा बदके पाळणे परवडते. ज्यांच्याजवळ वीतभर शेती नाही त्यांनाही परवडते, ही यातली महत्त्वाची गोष्ट. बदक सकाळी बोडीत जाते आणि संध्याकाळी पोट भरून परत येते. आपल्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांच्या वह्या अंड्यांच्या पैशांतून आलेल्या आहेत. म्हणून स्मरणिकेत हा विषय पाहून कुणी हसू नये.

बदकाला खरे भय रात्रीचे. कोंबडी अंधारू लागले की आपोआप उंचावर, आढ्यावर किंवा फांदीवर जाऊन बसते. बदकाच्या पायांना फांदी धरता येत नाही. ते जमिनीवरच बसते आणि चांदणे असेल तर पाण्याबाहेर यायलाही राजी नसते. त्याला हाकून आणावे लागते. रोज, दिवेलागणीच्या आत. निसर्गाने त्याला एक सोय मात्र दिली आहे. 1999 साली अमेरिकेतील इंडियाना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी चार-चार बदके एका ओळीत झोपवून पाहिली. मधली दोन निवांत डोळे मिटून झोपत. कडेची दोन एक डोळा उघडा ठेवीत, तोही बाहेरच्या बाजूचा, आणि त्या वेळी त्यांचा अर्धा मेंदू जागा असे. वर्गात हे सांगितले की मुले हमखास विचारतात, कडेला कोण बसणार हे ठरवते कोण? याचे उत्तर माझ्याजवळ नाही. पण एक खरे, उघडा डोळा धोका पाहू शकतो, अडवू शकत नाही. बंद खुराड्यात तर पळायलाही जागा नसते.

चार वर्षांपूर्वी ऐन कापणीच्या दिवसांत सकाळी वसतिगृहात एका आईचा फोन आला. तिची मुलगी नववीत होती. घरी नऊ बदके होती. रात्रीतून पाच मेली. "पोरीले पंधरा दिवस घरी धाडा जी," ती म्हणाली, "कापणी झाली का मीच आणून देईन." आईला मजुरीवरून यायला रात्र होई, म्हणून सांजवेळी बदके कोंडायला आणि राखायला घरात माणूस हवे होते. निवासी शाळेत आयुष्य घालवलेल्यांना 'पंधरा दिवस' या शब्दांचा अर्थ ठाऊक असतो. कापणीनंतर मळणी येते, मळणीनंतर कुणाचे तरी लग्न येते, आणि हजेरीपटावरचे ते नाव मार्चपर्यंत तसेच कोरे राहते. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि दुपारी मोटारसायकलने त्या गावी गेलो. मुलीला बरोबर नेले नाही.

परसात दहा-बारा माणसे जमली होती. निकाल लागून गेला होता. "रानमांजराची जातच तशी हाये," एक गृहस्थ सांगत होते, "एकदा चटावले का सोडत नाही." मेलेल्या बदकात थायमेट भरून बांधावर ठेवायचे ठरत होते, म्हणून बदके अजून जिथल्या तिथे पडलेली होती. माझ्या दृष्टीने ते बरेच झाले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला साक्षीदार क्वचितच मिळतो. त्याला मागे राहिलेल्या खुणा वाचाव्या लागतात. मी खाली बसून पाहू लागलो. पाचही बदके परसातच होती, एकही नेलेले नव्हते, एकही खाल्लेले नव्हते. पाठी आणि कंबरा फाटलेल्या, पिसे अंगणभर. रानमांजर एक पक्षी मानेला धरते आणि घेऊन जाते. मागे पिसांची एक रेघ राहते. उदमांजर किंवा मुंगूस जाळीतून मान ओढते, तेव्हा शिर नसलेला पक्षी जाळीला टेकलेला सापडतो. इथे जाळी खालून उचकटलेली होती आणि भिंतीलगतची माती उकरलेली होती. त्या मातीत पंजे उमटले होते, नखांसकट. मांजरकुळातला प्राणी चालताना नखे आत ओढून घेतो. त्याच्या पावलात नख दिसत नाही. नख दिसते ते कुत्र्याचे. पंजे दोन आकारांचे होते.

मी हे सांगितल्यावर शांतता पसरली. कारण गावातली कुत्री कुणाची ना कुणाची असतात. रानमांजर कुणाचेच नसते.

'जातच तशी' हे शब्द माझ्या कानाला फार लागतात. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतःच चोर ठरवले आणि तो कायदा जायला 1952 साल उजाडावे लागले. माणसाची आणि जनावराची तुलना मी करत नाही. पण वाक्याची घडण तीच होती, आणि पुरावा न पाहता ते बोलण्यातली सहजताही तीच.

थायमेटबद्दल मी सरळ सांगितले. त्याच्या विक्रीवर आता बंदी आहे. ते बांधावर ठेवले तर कुत्री मरतील, कावळे-घारी मरतील, आणि एखादे लहान पोर त्या बदकाला हात लावील. रानमांजर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, शिवाय त्याचे मुख्य अन्न उंदीर. धानाच्या गावाने त्याला मारणे हा तोट्याचाच व्यवहार. कुत्र्यांचे काय करायचे, यावर कुणी बोलले नाही. बोलणेही नको होते. खुराडे नीट करायचे होते.

तिथे षटकोनी छिद्रांची कोंबडीची जाळी होती. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. आम्ही अर्धा इंच चौकोनाची वेल्डेड जाळी आणली. त्यातून मुंगूस जात नाही, घूस जात नाही. खाली दीड-दोन फुटांची पट्टी भिंतीपासून बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरली, तिच्यावर माती आणि दगड टाकले. उकरणारे जनावर नेमके भिंतीच्या कडेला उकरते आणि पायाखाली जाळी लागली की पुढे काय करावे, हे त्याला समजत नाही. मागे सरून तिथून सुरुवात करावी, एवढे त्याला सुचत नाही. साध्या आकड्याऐवजी कडी आणि तिच्यात खिट्टी बसवली. वर, छपराखाली, हवेसाठी जाळीचीच फट ठेवली, कारण बदकांच्या ओलाव्याने बंद खोली लगेच कुबट होते. तळाला धानाचा तूस.

सकाळी आठपर्यंत दार उघडू नये, असेही सांगितले. बदक अंडे घालते ते बहुधा पहाटे; लवकर सोडले की अंडी बोडीच्या काठावर पडतात आणि तिथे धामण किंवा कावळा आधी पोहोचतो. पण ती आई तर सातला कामावर जाणारी होती. शेवटी प्रश्न जाळीचा नव्हताच. सांजेला दार लावणार कोण आणि सकाळी उघडणार कोण, हा होता.

तो तिनेच सोडवला. शेजारी एक आजी एकटी राहते, गुडघ्यांमुळे बांधीत जात नाही. संध्याकाळी हातात काठी घेऊन ती बोडीकडे बघत बसलेली असतेच. 'तिती तिती' म्हणून तिने हाक मारली की बदके येऊ लागली. तिच्या मजुरीवर माझ्यासमोरच बोलणे झाले. आजीने आठवड्याला चार अंडी मागितली, आई दोन म्हणाली, तीनवर जमले.

मुलगी त्या वर्षी शाळेतच राहिली. उरलेल्या चार बदकांपैकी एकीची अंडी आईने खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. कोंबडीची पिल्ले एकविसाव्या दिवशी निघतात, बदकांना अठ्ठावीस लागतात. बाविसाव्या दिवशी आईचा पुन्हा फोन आला, अंडी वाया गेली म्हणून. मी मुलीला बोलावून फोन तिच्या हाती दिला. ती म्हणाली, "आई, अजून सहा दिवस थांब."