मोत्याचा चातुर्मास

आमच्या घरात पाच माणसे आणि एक मोत्या. पण जेवणावरून वाद होतात ते मोत्याच्याच. घरच्या कुत्र्याने घरचेच खावे, हे आजीचे मत : शिळी भाकरी, तीवर आमटी, सणावारी तूप. धाकट्या भावाला शहरातली पाकिटे हवीत. वडील पाकिटावरची किंमत वाचतात आणि गप्प बसतात. तेवढ्यात माझा एस.टी.चा महिन्याचा पास निघेल हे त्यांना बोलून दाखवावे लागत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मात्र या वादातली थट्टा संपली. मोत्या उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "जेवणात कांदा असतो का हो?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. कांद्यावाचून आमच्याकडे फोडणी ती कुठली? कांदा-लसूण कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. रक्त तपासल्यावर डॉक्टरांचा संशय खरा ठरला. द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडाला घातक, म्हणजे प्रसादाचा शिराही गेला. चॉकलेटचे नाव तर काढूच नये.

भाकरी मात्र निर्दोष सुटली. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१३ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात कितीतरी अधिक. माणसाच्या उंबऱ्याशी राहून तो धान्य पचवायला शिकला. हे ऐकून आजी म्हणाली, "मग! मी काय वेगळं सांगत होते?" 'धान्यविरहित' असे मोठ्या अक्षरांत छापलेले पाकीट भावाने त्याच दिवशी खाली ठेवले. अशा खाद्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली होती. तसे सिद्ध झाले नाही, पण धान्य नाही म्हणून खाद्य उत्तम, असेही काही ठरत नाही. पाकीट घ्यायचेच तर पुढचे चित्र सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. कुत्र्याच्या वयाला ते पूर्ण आहार म्हणून पुरते का, हे तिथे कळते.

पण नुसत्या भाकरीवरही भागत नाही. डॉक्टरांनी उकडलेले अंडे सांगितले आणि घरात शांतता पसरली. आजी माळकरी! आमच्या चुलीवर अंडे कधी चढलेले नाही. दोन दिवस ती काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "नामदेवमहाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले होते." डॉक्टरांनी तूप फार नको म्हटले होते (स्वादुपिंड बिघडते), हे सांगायचा धीर कुणाला झाला नाही.

परसात तीन दगडांची चूल मांडली, वेगळे पातेले आले. आषाढी एकादशीपासून आजीने नेहमीप्रमाणे कांदा-लसूण सोडला, आणि मोत्यासाठी भात, भोपळा नि बिनफोडणीची डाळ तिच्याच हातून शिजू लागली. कार्तिकीला तिचा चातुर्मास सुटला. त्याचा मात्र बारमाही ठरला आहे. अंडे सोलायचे काम माझ्याकडे. आजी तेवढ्या वेळ पाठ फिरवून बसते, आणि त्याचे खाणे झाले की त्याचा ओठ वर करून हिरड्यांचा रंग पाहते.