घरच्या घरीं केलेल्या वस्तू व त्यांचें मोल

शाळेंतील हस्तकलेचीं प्रदर्शनें पाहावयास आम्ही बहुधा दरवर्षीं जातों. मुलामुलींनीं मांडलेल्या वस्तू पाहून आनंद होतो. परंतु त्या टेबलांमधून फिरतांना एक प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. आइस्क्रीमच्या काड्यांचें घर, चमकीचा मोर, रंगीत कागदांचा पुष्पगुच्छ, या सर्वांचें सामान दुकानांतून विकत आणलेलें असतें, आणि प्रदर्शन संपतांच त्या वस्तूंस घरांत जागा उरत नाहीं. जी वस्तू करण्यास पैसे पडतात व झाल्यावर जिचा कोणास उपयोग नाहीं, तिला स्वस्त कशी म्हणावी? म्हणून ज्यांचें सामान घरांतच पडलेलें असतें व ज्या तयार होतांच कामास लागतात, अशा कांहीं वस्तूंविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या जिल्ह्यास हा विषय नवा नाहीं. अहमदनगर, ज्यास आतां सरकारदप्तरीं अहिल्यानगर म्हणतात, त्याचा बहुतेक मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत येतो. अकोल्याचा डोंगराळ भाग सोडला तर पाऊस मोजूनमापूनच पडावयाचा. या अवर्षणानें येथील माणसांस काटकसर शिकविली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत निराधार झालेलीं पुष्कळ मुलें नगरांतील अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयास आलीं, आणि त्यांच्या हातांस कांहीं उद्योग देणें प्राप्त झालें. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नांवाच्या उद्योगशाळेंत सुतारकाम व धातुकाम शिकवीत असत; चर्चिल नांवाच्या एका मिशनरी यंत्रज्ञांनीं याच शहरीं राहून, हातमाग अधिक जलद चालावा म्हणून नव्या धर्तीचा माग तयार केला. या गोष्टींची नोंद झाली व तें योग्यच झालें. परंतु त्याच काळांत उंबऱ्याच्या आंत घरोघरीं जें हातकाम चाललें होतें, तें कोणीं लिहून ठेविलें नाहीं.

एका लुगड्याचीच कथा पाहा. नऊवारी लुगडें नेसून नेसून मध्यें विरूं लागे, पण दोन्ही टोकांकडील भाग शाबूत असे. मग विरलेला पट्टा कापून काढून उरलेले दोन तुकडे एकमेकांस जोडीत. यास दंड घालणें म्हणत. दंडाचें लुगडें आणखी कांहीं दिवस निघे. तेंहि फाटलें म्हणजे त्यांतून धाकट्या मुलींचे परकर, तान्ह्या मुलांचीं झबलीं व टोपरीं होत. राहिलेलें कापड गोधडीच्या पोटांत जाई. गोधडी जीर्ण झाली कीं तिचीं पायपुसणीं, पायपुसण्यांचीं पोतेरीं, आणि अगदीं शेवटची चिंधी वळून तिचा काकडा होई. कापड घरांत आलें तें जळूनच बाहेर गेलें, असें म्हटलें तरी चालेल.

गोधडी शिवणें मात्र दिसतें तितकें सोपें नाहीं. ओसरीवर धुतलेलें लुगडें ताणून पसरावयाचें, त्यावर जुन्या धोतरांचे व सदऱ्यांचे तुकडे मांडावयाचे, आणि वरून दुसरें लुगडें घालावयाचें. आंतील तुकड्यांच्या कडा एकाच जागीं आल्या तर तेथें उंचवटा होऊन निजणाऱ्याच्या पाठीस टोचतो. म्हणून जाणती बाई तुकडे मांडण्यासच अर्धा दिवस घेते. मग लांब लांब कच्चे टांके घालून सारे थर बांधावयाचे, व कडेकडून आंत, चौकोनांत चौकोन असा धांवदोरा घालीत मध्यापर्यंत जावयाचें. टांके जितके जवळ तितकी गोधडी टिकाऊ; वरचें कापड झिजलें तरी आंतील चिंध्या गोळा होत नाहींत. तिची ऊब येते ती मुख्यतः थरांमध्यें अडकून राहिलेल्या हवेमुळें, हें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

१९७२ च्या दुष्काळांत आम्ही लहान होतों व पारनेर तालुक्यांतील एका खेड्यांत राहत होतों. विहिरी आटलेल्या. आमचे आईवडील दोघेंहि सरकारी कामावर खडी फोडावयास जात. तेथें सुकडी मिळे, व रेशनवर तांबडी मिलो मिळे. त्याच हिंवाळ्यांत आमच्या धाकट्या बहिणीचा जन्म झाला. तिला गुंडाळावयास घरांत धड कापड नव्हतें, कारण आईपाशीं लुगडीं दोनच, एक अंगावर व एक दोरीवर. बाळंतिणीस पाहावयास येणाऱ्या आयाबायांनीं पदराखालून एकेक तुकडा आणून दिला आणि त्या तुकड्यांची लहानशी गोधडी आमच्या आजीनें शिवावयास घेतली. रॉकेल मिळणें कठीण, तेव्हां दिव्यापाशीं शिवण्याची सोय नव्हती. दिवसाउजेडींहि तिला टांका दिसे, पण सुईचें नेढें दिसत नसे. रोज सकाळीं शाळेस निघण्यापूर्वीं घरांतल्या तिन्ही सुया लांब दोरा घालून ओवून ठेवणें हें आमचें काम होतें. तिन्हींचा दोरा संपला म्हणजे शाळा सुटून आम्ही घरीं येईपर्यंत आजी हात बांधून बसून राही, आणि पाळण्यांतील मूल आईच्या फाटक्या पदरांत निजे.

पुढें पुष्कळ वर्षें आमचे वडील पाहुण्यांस ती गोधडी दाखवून सांगत कीं, हिला एक पैसा लागलेला नाहीं. आजी कोपऱ्यांतून म्हणे, “आरं, पैका नसंल लागला, पन माझं डोळं लागलं त्याचं काय?”

हा प्रश्न आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. घरगुती वस्तूंचें कौतुक करणारे लोक कापडाची किंमत मांडतात, दोऱ्याची मांडतात, आणि शिवणारीच्या वेळाची किंमत शून्य धरतात. आज कारखान्यांत केलेलें साधें ब्लँकेट कांहीं शें रुपयांत मिळतें. कोणी पालकांनीं आम्हांस विचारलें कीं, मग महिना महिना खपून गोधडी कशास शिवावी, तर तो प्रश्न गैर आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. दिवसभर नोकरी वा शेत सांभाळून आलेल्या माउलीनें रात्रीं गोधडी घेऊन बसावें, मुलीनें तिला साहाय्य करावें, व मुलानें तेवढा वेळ क्रिकेटचा सामना पाहावा, अशी जर घरची रीत असेल तर ती गोधडी कोणत्याहि दुकानांतील ब्लँकेटपेक्षां महाग आहे. उलट चार जण चार कडांस बसले तर तेंच काम दिवाळीच्या सुटींत हसतखेळत उरकतें. बाजारांत मशीनवर बसणारे शिंपी बहुधा पुरुषच असतात. परंतु घरीं सुई हातीं घ्यावयाची म्हटली कीं त्याच पुरुषजातीस लाज कां वाटावी, याचा उलगडा आम्हांस अद्याप झालेला नाहीं.

सगळ्याच जुन्या वस्तू पुन्हां कराव्या असेंहि नाहीं. शाईच्या दौतीस नळी लावून केलेली रॉकेलची चिमणी ही गरिबाची सोय होती खरी, पण ती कलंडून घरास आग लागण्याची धास्ती नेहमींच असे. ती गेली तें बरें झालें. शिंकें, भुशाची शेगडी यांचीहि गरज आतां फारशी उरली नाहीं. केरसुणी तर घरीं करूंच नये. शिंदीच्या पानांची ओळख ज्यांच्या हातांस पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांच्याकडून ती रास्त किंमत देऊन घ्यावी.

दोन वस्तू मात्र आम्ही आजहि करतों. पहिली, भाजी ताजी ठेवण्याचें मडकें. रुंद तोंडाच्या मोठ्या मडक्यांत लहान मडकें ठेवून मधल्या जागेंत वाळू भरावी, ती सकाळसंध्याकाळ भिजवावी, आंत भाजी ठेवून तोंडावर ओलें फडकें घालावें. पाणी बाहेरच्या मडक्यांतून पाझरून उडून जातें व जातांना आंतील उष्णता घेऊन जातें. चैत्र-वैशाखांत नगरची हवा कोरडी असते, म्हणून ही युक्ती येथें साधते. कोंकणांतील दमट हवेंत ती लंगडी पडते. रंग दिलेलें मडकें घेऊं नये, त्याचीं छिद्रें बुजलेलीं असतात.

दुसरी वस्तू म्हणजे कागदाच्या लगद्याची टोपली. वर्तमानपत्रांची रद्दी बारीक फाडून तीन-चार दिवस भिजत घालावी व रोज पाणी बदलावें. गुळगुळीत चित्रांचा कागद त्यांत घेऊं नये, तो नीट कुजत नाहीं. दोन मुठी मेथ्या रात्रीं भिजवून वाटाव्या. मेथीच्या चिकटपणानें लगदा धरून राहतो, व तिच्या कडूपणामुळें कीड लवकर लागत नाहीं असा जुन्या बायकांचा अनुभव आहे. पिळलेला कागद व मेथी एकत्र करून लोण्यासारखें मऊ होईपर्यंत कुटावें. हें काम सर्वांत जड. तें घरांतील बाप्यांकडे द्यावें. नंतर एक पातेलें पालथें घालून त्यावर ओलें फडकें बसवावें, लगदा बोटभर जाडीनें सारखा थापावा, आणि वर चिंचोक्याच्या खळीनें जुन्या सुती कापडाचे तुकडे चिकटवावे. अशा टोपलींत कांदे, लसूण, लोकरीचे कपडे उत्तम राहतात. भाकरी मात्र त्यांत उघडी ठेवूं नये, कारण कागदावर छपाईची शाई असते. पावसाळ्यांत लगदा आंबून घाण सुटते, म्हणून हें काम होळीनंतर काढावें. टोपली पहिल्या दिवशीं सावलींत व मग उन्हांत वाळवावी. पुरती वाळली कीं पातेल्यापासून आपोआप सुटते. न सुटल्यास ओढूं नये, आणखी एक दिवस ऊन द्यावें.