पगार किती, हें विचारूं नये?

बाईचें वय आणि पुरुषाचा पगार विचारूं नये, असा आपल्या सुशिक्षित घरांतून एक दंडक आहे. बायका स्वतः मिळवूं लागल्या तेव्हां हा दंडक खरें म्हणजे ढिला व्हावयास हवा होता, झालें उलटेंच. त्यांना आतां वयाबरोबर पगारही झांकून ठेवावा लागतो. या दंडकाला अपवाद एकच, आणि तो मोठा गंमतीचा आहे. घरांतील मुलीसाठीं स्थळें पाहूं लागलों कीं, जी गोष्ट सख्ख्या भावाला विचारण्याचा आपणांस संकोच वाटतो तीच अगदीं परक्या मुलाच्या टिपणांत आपण उंची आणि गोत्र यांच्या शेजारीं शोधीत असतों. उत्पन्नाचा आंकडा दिसला नाहीं तर 'पाणी कोठेंतरी मुरतें आहे' असा शेराही मारून मोकळे होतों.

आमच्या यावलकडे शेतकरी मंडळींत हा संकोच नाहीं. खानदेशांत अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. माहेरवाशिणींच्या झोक्यांचा आणि गाण्यांचा हा सण; पण शेताच्या हिशेबानें तो नव्या वर्षाचा आरंभ आहे. सालदाराचें जुनें साल आखाजीला संपतें आणि नवें ठरतें. वर्षाची रक्कम किती, तींतली उचल किती, धान्य द्यावयाचें कीं नाहीं, हें सारें ओट्यावर बसून चारचौघांच्या देखत बोललें जातें. संध्याकाळपर्यंत कोणाचा सालदार कितीला राहिला हें गांवभर झालेलें असतें. त्यामुळें एखाद्या मालकानें फारच कमी रक्कम सांगितली तर सालदार वाद घालीत बसत नाहीं. 'अमक्याकडे इतके देतात' एवढेंच म्हणतो आणि तंबाखू मळीत राहतो. हें चित्र मला उगीच सोज्ज्वळ करावयाचें नाहीं. उचलीच्या पैशानें माणूस बांधला जातो, आणि बांधलेल्या माणसाला भाव ठाऊक असूनही हालतां येत नाहीं. शिवाय बायकांची रोजंदारी पुरुषांहून कमी, हेंही सर्वांना उघड माहीत असतें आणि तसेंच चालतें. तरी भाव माहीत असतो, एवढें खरें.

भाव झांकण्याची खरी विद्या जुन्या कापूस बाजारांत होती. तेथें पूर्वीं 'हत्ता' पद्धतीनें सौदे होत. दलाल आणि खरीददार एकमेकांचा हात हातांत धरीत, त्यावर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकीत आणि बोटें दाबून भाव ठरवीत. शेतकरी शेजारींच उभा असे. गाडी त्याची, बैल त्याचे, कापूस त्याचा. पण सौदा काय ठरला तें दलाल सांगेल तेव्हां त्याला कळावयाचें! येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. रुमालाखालीं कांहीं सर्वांनाच अंधार नव्हता. दलालाला त्या दिवशींचे सगळे भाव ठाऊक असत. शेतकऱ्याला ठाऊक असे फक्त आपला. वऱ्हाडांत १८९७ सालीं, मुंबई इलाख्यांत १९२७ व १९३९ सालीं आणि पुढें महाराष्ट्रांत १९६३ सालीं बाजारांना नियम घालणारे कायदे झाले, आणि उघड्या लिलावाची रीत त्यांच्या वाटेनें रुजली.

कापसाचा रुमाल मला आज आठवावा याला कारण माझी पुतणी. ती पुण्यास एका कंपनींत संगणकाच्या कामावर होती. तिच्याच महिन्यांत, त्याच कामावर, तितक्याच अनुभवाचा एक मुलगा तेथें लागला होता. दोन वर्षांनीं एकदां डबा खातांना त्याच्या तोंडून सहज आंकडा निघून गेला. तिला बावन्न हजार मिळत होते, त्याला सत्तर. कारण शोधूं जातां तें मुलाखतीच्या दिवसापर्यंत मागें गेलें. 'सध्यां किती मिळतात?' असें दोघांनाही विचारलें होतें. हिनें खरा आंकडा सांगितला आणि त्यावर थोडी वाढ मिळाली. त्यानें आंकडा सांगितलाच नाहीं. आपली अपेक्षा तेवढी सांगितली. नेमणुकीच्या पत्रांत मात्र दोघांनाही एक अट होती : आपला पगार सहकाऱ्यांस कळवूं नये. 'काका,' ती मला म्हणाली, 'पैशाबद्दल घासाघीस करणें बरें दिसत नाहीं, हें तुम्हींच सगळ्यांनीं शिकवलेंत ना?' माझ्याजवळ याला उत्तर नव्हतें.

अशा पोरींना मुलाखतीच्या दारांत शिरण्यापूर्वींच भाव कळावा, यासाठीं इतर देशांत आतां कायदे होऊं लागले आहेत. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यानें १ जानेवारी २०२१ पासून नोकरीच्या जाहिरातींतच पगार किती ते किती हें छापणें सक्तीचें केलें. न्यूयॉर्क शहरानें नोव्हेंबर २०२२ पासून व कॅलिफोर्नियानें जानेवारी २०२३ पासून तोच मार्ग धरला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानें तर मालकानें उमेदवाराला आधींचा पगार विचारूंच नये असें सांगितलें, आणि तसे कायदे करण्यासाठीं सभासद देशांना ७ जून २०२६ ची मुदत घातली. माझ्या पुतणीचें सारें नुकसान त्या एका प्रश्नांत होतें, हें पाहिलें म्हणजे या कलमाचें महत्त्व कळतें.

झांकलेल्या आंकड्याची किंमत किती होते, याचें उदाहरण लिली लेडबेटर या बाईचें आहे. अलाबामा राज्यांत गुडइयरच्या टायरच्या कारखान्यांत तिनें १९७९ पासून जवळजवळ एकोणीस वर्षें काम केलें. नोकरी संपत आली असतां कोणीतरी तिच्या हातीं निनांवी चिठ्ठी पोंचविली. तिला महिना ३,७२७ डॉलर मिळत होते. त्याच हुद्द्यावरील पुरुषांत सर्वांत कमी पगाराच्या माणसाला ४,२८६. ती न्यायालयांत गेली. २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल दिला कीं, तक्रार मुदतींत झाली नाहीं. जी गोष्ट तिच्यापासून लपविलेली होती तिची तक्रार तिनें वेळेवर करावयास हवी होती, असा त्याचा सरळ अर्थ! पुढें २००९ च्या जानेवारींत तिच्याच नांवानें कायदा होऊन ही मुदतीची अडचण दूर झाली. तिला स्वतःला मात्र त्यांतून एक पैही मिळाली नाहीं.

आपल्याकडे सरकारी नोकरीपुरता हा रुमाल केव्हांच उचललेला आहे. २०२३ सालच्या तलाठी भरतीच्या जाहिरातींत २५,५०० ते ८१,१०० ही वेतनश्रेणी छापलेली होती, आणि माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचें चौथें कलम तर प्रत्येक कार्यालयानें आपल्या नोकरांचें मासिक वेतन आपण होऊन प्रसिद्ध करावें असें सांगतें. त्यामुळें तहसील कचेरींतील कारकून आणि कारकुनीण यांच्या पगारांत भेद करणें कोणाच्या हातीं राहत नाहीं. खाजगी नोकरींत, समान कामाला स्त्रीपुरुषांस समान वेतन हा कायदा १९७६ सालीं झाला. पण समान आहे कीं नाहीं हें पाहावयाचें कसें? जाहिरातींत आंकडा छापलाच पाहिजे असें बंधन तेथें नाहीं. बहुधा 'पगार योग्यतेनुसार' एवढेंच असतें.

छापलेला आंकडा म्हणजे सर्व कांहीं साधलें, असेंही नव्हे. कोलोरॅडोचा कायदा होतांच कांहीं कंपन्यांनीं 'त्या राज्यांतील रहिवाशांनीं अर्ज करूं नये' अशा जाहिराती काढल्या. न्यूयॉर्कच्या एका बड्या बँकेच्या जाहिरातींत पगार शून्यापासून वीस लक्ष डॉलरपर्यंत दिसला. मागाहून ती यंत्राची चूक म्हणून सांगण्यांत आलें. आम्हां केळीवाल्यांना यांत नवल वाटूं नये. केळीचा भाव आमच्याकडे रोज जाहीर होतो. पण घड कापणीस आले म्हणजे व्यापारी बागेंत येतो, मालाकडे पाहून नाक मुरडतो आणि जाहीर भावाहून कमी देऊं करतो. पिकूं लागलेला माल किती दिवस धरून ठेवणार? तरीसुद्धां जाहीर भाव हातांत असला म्हणजे निदान कोठून खालीं उतरलों हें तरी कळतें. डेन्मार्कमध्यें २००६ च्या कायद्यानें मोठ्या कंपन्यांना स्त्रीपुरुषांच्या वेतनाचे आंकडे नोकरांपुढें मांडावे लागले. तेथें तफावत कमी झाली खरी. पण ती मुख्यतः पुरुषांचे पगार सावकाश वाढल्यामुळें. हें वाचून माझे चिरंजीव म्हणाले, 'म्हणजे तिला मिळणार नाहीं तें नाहींच, आणि आमचेंही जाणार!' थट्टेंत बोलले, परंतु अगदींच थट्टा नव्हती.

वहिनींची हरकत वेगळी आहे. आंकडे उघडे झाले कीं चुली वेगळ्या होतात, असें त्या म्हणतात. एकत्र कुटुंबांत ज्यांनीं चाळीस वर्षें काढलीं त्यांच्या बोलण्याला वजन आहे. कमी मिळविणाऱ्या भावाच्या ताटांत तोच आंकडा रोज वाढला जातो, हें मीही पाहिलें आहे. पण आमच्या वडिलांच्या वेळीं तीन भावांचे पगार एकाच पेटींत पडत आणि तिघांनाही ते ठाऊक असत. चूल मोडली नाहीं. माजघरापर्यंत मात्र तो आंकडा कधीं गेला नाहीं.

गेल्या दिवाळींत पुतणी आली ती नवी नोकरी घेऊनच. या वेळीं तिनें मुलाखतीपूर्वींच पत्र लिहून विचारलें होतें कीं, या जागेला आपण किती ते किती देतां? तीन ठिकाणांहून उत्तरच आलें नाहीं. चौथ्यांनीं सांगितलें. वहिनी चकलीच्या घाण्याशीं बसल्या होत्या. तेथेंच तिनें आपला पगार सर्वांसमक्ष मोठ्यानें सांगून टाकला. जळगांवास असलेल्या माझ्या मुलाहून तो बराच अधिक असावा, हें सूनबाईच्या चेहऱ्यावरून दिसलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. रात्रीं अंगणांत दोघें बहीणभाऊ बराच वेळ बोलत होतीं, आणि जातांना मुलानें मला आपला आंकडा सांगितला. नोकरीला लागून त्याला आठ वर्षें झालीं. मीं तो प्रथमच ऐकला.