कोड वाचूनही कळलं नसतं

पुण्यामुंबईची मुलं सिंगापुरात प्रॉडक्ट मॅनेजर व्हायला निघाली की हटकून विचारतात, "ताई, कोडिंग शिकू का?" मी वाणिज्य शाखेची, नोकरीत कोडची एक ओळ लिहिलेली नाही. तरी ‘गरज नाही’ असं सरसकट सांगायला जीभ रेटत नाही. मग मी त्यांना ट्रेसटुगेदरची गोष्ट सांगते.

सिंगापूर सरकारने हे ॲप २० मार्च २०२० रोजी आणलं. कोविडच्या काळात कोण कोणाच्या जवळ होतं, हे फोन ब्लूटूथवरून आपसांत नोंदवून ठेवत. कागदावर सोपं. पण आयफोन पडद्याआड गेलेल्या ॲपला ब्लूटूथ मोकळेपणी वापरू देत नाही. म्हणजे ॲप सतत उघडं ठेवायचं; कोणी व्हॉट्सॲपवर गेलं की नोंदी अडल्या. ॲपलने घातलेली ही वेस कसलेल्या प्रोग्रॅमरलाही ओलांडता येत नव्हती. असली वेस हुडकायला कोड लिहावा लागत नाही. "फोन खिशात असताना काय होतं?" एवढं इंजिनिअरला विचारायचं आणि उत्तर डोक्यात शिरेपर्यंत त्याच्या टेबलापाशी ठाण मांडायचं. (इंजिनिअर वैतागतात. वैतागू द्यावं.) उत्तर शिरायचं तर ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, एपीआय यांची चांगली ओळख हवी. तेवढं शिकाच.

जूनअखेर ज्येष्ठांना खिशात मावेल असं टोकन वाटायला सुरुवात झाली. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही, त्यांची सोय झाली. सगळ्या प्रकल्पातला मला हा सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

फटका बसला तो जानेवारी २०२१ मध्ये. माहिती फक्त संपर्क शोधायला वापरू, असा शब्द दिला होता. फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोलीसही ती मागू शकतात, हे संसदेत उघड झालं. शब्द देताना ती संहिता लक्षात आली नव्हती, असं मंत्री विवियन बालकृष्णन यांनी सांगितलं. लोक चिडले. फेब्रुवारीत कायदा करून पोलिसांचा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता बांधून घ्यावा लागला. ॲपमागच्या पद्धतीचा कोड तर एप्रिल २०२० मध्येच सर्वांसाठी खुला केला होता. तो ओळन् ओळ वाचला असता तरी त्यात पोलीस कुठे दिसले नसते.

तेव्हा पायथन शिकायचं तर खुशाल शिका. पण इथे मुलाखतीला येण्याआधी सिंगापूरचा २०१२ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा एकदा वाचून या. तो सरकारी खात्यांना लागू नाही, हेही तिथेच सापडेल.